ऑडिट ट्रेल नुसता उघडू नका, त्यात शोधा – औषध कंपन्यांच्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबवाल्यांसाठी

बॅच रिलीजची घाई, क्यूएमधून (क्वालिटी अश्युरन्स) फोनवर फोन, आणि रिव्ह्यूअर काय करतो तर ऑडिट ट्रेलची, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप ठेवलेल्या बदलांच्या नोंदींची, विंडो उघडतो, माउसचं चाक दोनदा खाली फिरवतो, डोळ्यात खुपणारं काही दिसलं नाही की चेकलिस्टवर 'ऑडिट ट्रेल रिव्ह्यूड' समोर टिक मारून सही करून मोकळा. बऱ्याच लॅबमध्ये हे असंच चालतं आणि कुणाला त्यात वावगंही वाटत नाही, कारण शिकवतानाच 'इथे जा, हे उघड, प्रिंट काढ, सही कर' एवढंच शिकवलेलं असतं. पण हजारभर ओळी वरून खाली वाचून कुणालाच काही सापडत नाही. ऑडिट ट्रेलकडे प्रश्न घेऊन जावं लागतं: हा रिझल्ट पहिल्यांदा आला तेव्हा आकडा काय होता, मग तो बदलला का, कुणी बदलला, कशासाठी, आणि रिपोर्टला जे लावलेलं नाही ते कुठे पडलंय. हे प्रश्न डोक्यात असले की शोधायला फार वेळ लागत नाही, नसले की दिवसभर बसलात तरी हाती काही नाही.

उदाहरणं मी मुख्यतः वॉटर्सच्या एम्पॉवर ह्या क्रोमॅटोग्राफीच्या डेटा सॉफ्टवेअरची घेतोय कारण वाळूज, तारापूर, वेर्णा कुठेही गेलात तरी एचपीएलसीच्या (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) रूममध्ये ते भेटण्याची शक्यता जास्त. क्रोमेलिऑन, लॅबसोल्युशन्स, ओपनलॅब असली दुसरी सॉफ्टवेअरं वापरत असाल तर मेन्यूची नावं वेगळी, डोकं तेच लावायचं. एम्पॉवरमध्येसुद्धा व्हर्जनप्रमाणे आणि तुमच्या ॲडमिनने दिलेल्या राइट्सप्रमाणे मेन्यू कमीजास्त दिसतात, तेव्हा 'माझ्याकडे ते ऑप्शनच नाही' म्हणून थांबू नका, आधी ॲडमिनला विचारा.

एका ओळीत काय काय असतं

कोण, कधी, कशात, जुनं काय, नवीन काय, का. झालं, एवढंच. अमेरिकेच्या एफडीएचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम १९९७ चा, त्याचं ऑडिट ट्रेलबद्दलचं म्हणणं साधं आहे: नोंद कॉम्प्युटरने स्वतः करावी, तिच्यावर तारीख-वेळ असावी, रेकॉर्ड तयार केला, बदलला किंवा डिलीट केला की ती पडावी, नवीन बदलाने जुनी माहिती झाकली जाऊ नये, आणि मूळ रेकॉर्ड जितकी वर्षं ठेवायचा तितकी वर्षं त्याचा ट्रेलही ठेवावा. गंमत म्हणजे 'कारण लिहा' हे त्या कलमात नाहीये, ते युरोपच्या औषध-उत्पादन नियमांतल्या ॲनेक्स ११ मध्ये आहे, २०११ पासून लागू असलेल्या, आणि ट्रेल नियमित रिव्ह्यू करा हेही तिथेच स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे डिसेंबर २०२३ ला नोटिफाय झालेल्या सुधारित शेड्यूल एममुळे (औषध उत्पादनाचे भारतातले नियम) कॉम्प्युटराइज्ड सिस्टीमचा विषय आता फक्त एक्सपोर्टवाल्या कंपन्यांचा राहिला नाही, लोकल मार्केटवाल्यांनाही तो टाळता येणार नाही.

तुमच्या सिस्टीममध्ये जुनी आणि नवीन व्हॅल्यू शेजारी शेजारी दिसत असेल तर नशीबवान आहात. कित्येक ठिकाणी ओळीत फक्त 'मेथड मॉडिफाइड' (मेथड म्हणजे मोजणीच्या आणि हिशेबाच्या सेटिंग्ज) एवढंच येतं आणि नक्की काय बदललं ते कळायला त्या मेथडच्या दोन व्हर्जन उघडून तुलना करावी लागते. त्या पहिल्या ओळीवर थांबणारा रिव्ह्यूअर बदल 'झाला' एवढं बघतो, 'काय' झाला ते बघतच नाही, आणि खरा माल तर तिथेच असतो.

ट्रेल एक नसतो

नवीन माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. एम्पॉवरमध्ये सिस्टीमचा ऑडिट ट्रेल वेगळा, तो कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये बघायचा: युजर बनवला, पासवर्ड रिसेट केला, प्रिव्हिलेज बदलले, प्रोजेक्ट बनवला, बॅकअप घेतला, डिलीट केला, पॉलिसी बदलली, लॉगिन फसलं, हे सगळं तिथे. प्रोजेक्टचा ऑडिट ट्रेल वेगळा, त्या प्रोजेक्टमध्ये डेटावर आणि मेथडवर काय झालं ते सांगणारा. मग मेथडची स्वतःची हिस्टरी, सॅम्पलची हिस्टरी म्हणजे वजन, डायल्युशन, नाव वगैरे नंतर बदललं असेल तर ते, आणि शेवटी एखाद्या रिझल्टवरून उघडणारा रिझल्ट ऑडिट व्ह्यूअर, ज्यात त्या एका रिझल्टशी जोडलेलं सगळं एकाच विंडोत मिळतं. वेळ कमी असेल तर मी म्हणेन हाच आधी उघडा.

क्रोमेलिऑनमध्ये इन्स्ट्रुमेंटचा ट्रेल आणि डेटाचा ट्रेल वेगळे आहेत, पंपाचं प्रेशर पडलं, लॅम्प बंद झाला असं पहिल्यात सापडेल, पीक (आलेखातला उंचवटा) कुणी हाताने कापला ते दुसऱ्यात. लॅबसोल्युशन्समध्ये लॉग ब्राउझर म्हणून वेगळी खिडकीच आहे. म्हणून तुमच्या लॅबमधल्या प्रत्येक सिस्टीमसाठी एका पानावर लिहून ठेवा की कोणता बदल कोणत्या ट्रेलमध्ये पडतो. हे पान वेंडर देत नाही, दिलं तरी तुमच्या सेटिंगला लागू असेलच असं नाही, स्वतः टेस्ट प्रोजेक्टमध्ये एकेक बदल करून बघा आणि तो कुठे उमटतो ते लिहा. दुपारभराचं काम आहे पण त्यानंतरचा प्रत्येक रिव्ह्यू सोपा होतो.

आणि जे कुठेच पडत नाही त्याचीही नोंद त्याच पानावर. जुनी स्टँड-अलोन यूव्ही, आयआर मशिनं असतात ना, ज्यांचा डेटा सी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये साठतो, तिथे कुणी विंडोजमधून जाऊन फाइल डिलीट केली तर सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे विंडोजच्या परमिशन लावणं हाच उपाय, आणि रिव्ह्यू करताना विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. त्यातला सिक्युरिटी लॉग उघडा, इव्हेंट आयडी ४६१६ म्हणजे सिस्टीमची वेळ बदलली, ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं. ४६१६ च्या सगळ्याच ओळी संशयास्पद नसतात बरं का, टाइम सर्व्हरशी घड्याळ जुळवतानाही ती नोंद पडते, बघायचं ते हे की बदल सिस्टीमने स्वतः केला की एखाद्या युजरच्या नावाने झाला. अर्थात विंडोजमध्ये ऑडिटिंग चालू असेल आणि लॉगची साइज एवढी लहान नसेल की आठवड्यात जुनं पुसलं जाईल, तरच. आयटीवाल्यांना हे आधी विचारून घ्या.

शोधायच्या आधी

ट्रेल चालू आहे का हे बघा, हसू नका. एम्पॉवरमध्ये फुल ऑडिट ट्रेल हा ऑप्शन प्रोजेक्ट बनवतानाच निवडावा लागतो, नंतर आठवलं म्हणून टिक करता येत नाही. तेव्हा ज्या प्रोजेक्टचा रिव्ह्यू करताय त्याची प्रॉपर्टी उघडून ते तपासा, खासकरून कुणी घाईत 'टेस्ट', 'ट्रायल', 'ट्रेनिंग' अशा नावाने प्रोजेक्ट बनवला असेल तर. मुळात असे प्रोजेक्ट आहेत का, किती आहेत आणि त्यात खऱ्या बॅचचं काही पळवलंय का, ही स्वतंत्र चौकशी आहे आणि एफडीएचे लोक आल्या आल्या प्रोजेक्टची पूर्ण यादी मागतात ते उगाच नाही.

दुसरं, ॲडमिन कोण. क्यूसीचा मॅनेजरच ॲडमिन असेल तर ट्रेलमध्ये काहीही दिसलं तरी त्याची किंमत अर्धी होते, कारण ज्याला रिझल्ट पास व्हायला हवाय त्याच्याच हातात डिलीट आणि सेटिंग. ॲडमिन आयटीचा किंवा निदान लॅबच्या बाहेरचा हवा. रिव्ह्यूअरला सगळे ट्रेल बघायचे राइट्स हवेत, बदलायचे नकोत. आणि एकच लॉगिन तिघं वापरत असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, आधी ते बंद करा, कारण 'कोण' ह्या रकान्यालाच अर्थ उरत नाही.

रिझल्टवरून उलटं चला

समजा एका टॅबलेट बॅचचा ॲसे (औषधाचा मुख्य घटक किती टक्के आहे ती तपासणी) रिपोर्ट झालाय ९९.४ टक्के. रिपोर्टवर रिझल्ट आयडी छापलेला असतो, नसेल तर रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये तो टाकून घ्या, त्याच्याशिवाय हे सगळं अंधारात आहे. सोबत प्रोसेसिंग मेथडचा आयडी, सॅम्पल सेटचा (एका रनमधल्या इंजेक्शनांच्या यादीचा) आयडी, इंजेक्शनची (सॅम्पल मशीनमध्ये सोडल्याची) तारीख-वेळ आणि प्रोसेस केल्याची तारीख-वेळ हेही रिपोर्टवर हवं.

आता त्या इंजेक्शनचं चॅनेल (डिटेक्टरचा कच्चा सिग्नल) धरा आणि त्यातून किती रिझल्ट तयार झालेत ते बघा. एकच असेल तर विषय बराच सोपा. तीन असतील तर तिन्ही उघडायचे, आकडे एका खाली एक लिहायचे. पहिला ९७.१, दुसरा ९८.०, तिसरा ९९.४ असं दिसलं आणि लिमिट ९८ ते १०२ असेल तर थांबा, खुर्ची पुढे ओढा. पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये प्रोसेसिंग मेथडचा आयडी बदललाय का? एम्पॉवर मेथड सेव्ह केली की नवीन आयडी देतं आणि जुनी व्हर्जन ठेवतं, त्यामुळे दोन्हीतला फरक काढता येतो: थ्रेशहोल्ड, पीक विड्थ, इंटिग्रेशनचे (पीकचं क्षेत्रफळ मोजण्याचे) टाइम्ड इव्हेंट, रिटेन्शन टाइमची (पीक येण्याच्या वेळेची) विंडो. रिझल्टच्या टेबलमध्ये मॅन्युअल हा कॉलम आणून ठेवा, कुठे हाताने बेसलाइन (पीकखालची पायाची रेघ) ओढली ते तिथे कळतं.

मेथड तीच असेल आणि तरी आकडा बदलला तर सॅम्पल बघा. वजन बदललं, डायल्युशन बदललं, प्युरिटी किंवा पोटेन्सी बदलली. इथे कागदाशी जोड लावायची, म्हणजे वजनकाट्याची प्रिंट घ्या आणि तिच्यावरची वेळ आणि आकडा ह्यांच्याशी ताडून बघा. वजन सॉफ्टवेअरमध्ये २०.५१ चं २०.१५ केलं आणि प्रिंटवर २०.१५ आहे, तर टायपिंगची चूक, कारण पटतं. प्रिंटवरही २०.५१ आहे आणि कुणीतरी रिझल्ट आल्यावर ते खाली आणलंय, तर हे प्रकरण तुमच्या टेबलावर मिटणारं नाही.

स्टँडर्ड (तुलनेसाठीचा, शुद्धता माहीत असलेला नमुना) आणि सॅम्पल एकाच प्रोसेसिंग मेथडने प्रोसेस झालेत का हेही बघायचं, लोक विसरतात. स्टँडर्डची पाच-सहा इंजेक्शनं एका मेथडने आणि सॅम्पल नंतरच्या व्हर्जनने असं झालं तर सिस्टीम सुटेबिलिटीचा (मशीन कामाला योग्य आहे का ह्या चाचणीचा) पास हा त्या सॅम्पलसाठी पासच नाही.

ह्यानंतरची पायरी म्हणजे रिपोर्टमध्ये नसलेलं शोधणं, आणि माझ्या मते सगळ्या रिव्ह्यूचा अर्धा जीव इथे आहे. प्रोजेक्टच्या इंजेक्शन्सच्या टॅबवर जा, त्या इन्स्ट्रुमेंटवर सॅम्पल सेट सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून रिपोर्ट होईपर्यंतची सगळी इंजेक्शनं काढा आणि रिपोर्टला लावलेल्या इंजेक्शनांशी एकास एक जुळवा. एखादं इंजेक्शन उरतं. अबॉर्ट केलेला सेट, सेटच्या बाहेर मारलेलं सिंगल इंजेक्शन, 'ट्रायल १', 'ब्लँक ३' पण ब्लँकमध्ये (ज्यात औषधच नसतं) भला मोठा पीक. उरलेल्या प्रत्येकाला नाव आणि कारण सापडलं पाहिजे, लॉगबुकात सापडो, डेव्हिएशनमध्ये सापडो, कुठेतरी सापडो. सॅम्पलच आधी मारून बघायचं, पास होतंय असं दिसलं की मग ऑफिशियल सेट लावायचा, ह्या प्रकाराबद्दल एफडीएने डेटा इंटिग्रिटीच्या गायडन्समध्ये, जे डिसेंबर २०१८ ला फायनल झालं, वेगळा प्रश्नच घेतलाय. सिस्टीम तयार आहे का बघायला इंजेक्शन लागतच असेल तर ते स्टँडर्डचं, लिहून ठेवलेल्या प्रोसिजरप्रमाणे, आणि तोही डेटा ठेवायचा.

त्याच इन्स्ट्रुमेंटवरून दुसऱ्याच प्रोजेक्टमध्ये काही गेलंय का हेही बघा. प्रोजेक्टच्या आत बसून हे दिसत नाही. इन्स्ट्रुमेंटचं युसेज लॉगबुक, कॉलमचं लॉगबुक आणि सिस्टीमचा ट्रेल शेजारी ठेवले की मधली रिकामी वेळ उठून दिसते: मशीन दुपारी दोन ते साडेतीन 'आयडल' लिहिलंय पण सिस्टीमच्या नोंदीप्रमाणे त्या वेळात रन चालू होता.

सर्चमधल्या खाचाखोचा

तारखेपासून सुरू करू. 'एक ते एकतीस' असा फिल्टर लावला की कित्येक सॉफ्टवेअर एकतीस तारखेचे रात्रीचे बारा वाजले तिथेच थांबतात, म्हणजे एकतीसचा अख्खा दिवस गायब. बिनधास्त पुढची तारीख घाला आणि नको ते वगळा. मग टाइम झोन. सर्व्हरवरच्या नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवून स्क्रीनवर लोकल वेळ दाखवणारी सिस्टीम असेल तर ठीक, पण एक्सपोर्ट केल्यावर किंवा परदेशातल्या सर्व्हरवर बसलेल्या सिस्टीममध्ये कच्ची यूटीसी वेळच हातात येते. आपण साडेपाच तास पुढे. पाच तारखेला रात्री साडेबाराला नाइट शिफ्टमध्ये केलेला बदल तिथे चार तारखेच्या संध्याकाळी सातला दिसणार, आणि 'त्या वेळी तर हा माणूस ड्युटीवरच नव्हता' असा भलताच आरोप व्हायचा. तारखेचा फॉरमॅट अमेरिकन असेल तर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हा घोळ वेगळाच.

ओळींची मर्यादा हा दुसरा सापळा. एम्पॉवरच्या व्ह्यूमध्ये मॅक्स रोज् अशी सेटिंग असते, तेवढ्याच ओळी तो आणतो, तुम्हाला वाटतं संपलं. यादी बरोबर गोल आकड्यावर संपली तर आधी ही सेटिंग वाढवून परत अपडेट मारा. वेबवरच्या लिम्समध्ये (लॅबची माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर) हेच पेजिंगच्या रूपात येतं, पहिलं पान बघून लोक उठतात.

शब्द शोधताना वाइल्डकार्ड कुठे स्टार असतो कुठे परसेंटचं चिन्ह, हेल्पमध्ये बघून घ्या. कॅपिटल-स्मॉलचा फरक सिस्टीम धरते का तेही एकदा टेस्ट करा. बॅच नंबर लोक कधी डॅश घालून लिहितात कधी स्लॅश, कधी मध्ये स्पेस, म्हणून पूर्ण नंबर टाकण्यापेक्षा त्याचे शेवटचे चार-पाच अंक टाकून शोधलेलं बरं, आणि सॅम्पलचं नाव बदलता येत असल्यामुळे फक्त नावावर विसंबूच नका, आयडी आणि वेळ ह्यावर शोधा.

फिल्टर सेव्ह करून ठेवा. एम्पॉवरमध्ये व्ह्यू फिल्टर नाव देऊन साठवता येतो, कॉलम पण आपल्याला हवे ते आणि हव्या त्या क्रमाने. मी सांगेन तीन तरी बनवा: एक मॅन्युअल इंटिग्रेशन असलेल्या रिझल्टचा, एक बदललेल्या सॅम्पलचा, आणि एक सिस्टीम ट्रेलमधल्या डिलीट, पॉलिसी आणि युजरच्या बदलांचा. हे फिल्टर रोजच्या रिव्ह्यूला वापरणार असाल तर ते बरोबर चालतात हे एकदा तपासून कागदावर आणा, म्हणजे टेस्ट प्रोजेक्टमध्ये मुद्दाम मॅन्युअल इंटिग्रेशन करून फिल्टर ते पकडतो का ते बघायचं, नाहीतर ऑडिटर नेमकं हेच विचारतो की तुमचा फिल्टर जे दाखवत नाही ते नाहीच आहे हे कशावरून.

एक्सेलला एक्सपोर्ट करून पिव्होट मारायला हरकत नाही, पॅटर्न पटकन दिसतात, पण ती वर्किंग कॉपी. निष्कर्ष लिहिताना परत सिस्टीममधल्या ओळीवर जाऊन खात्री करायची.

कारणं वाचताना

कारणाच्या रकान्यात 'टायपो', 'रिप्रोसेस', 'ॲज पर क्यूए', 'ओके', नुसता डॉट, हे सगळं सापडतं. ड्रॉपडाउन दिलेला असला की लोक पहिला ऑप्शन ठोकतात. 'रिप्रोसेस' हे कारणच नाही, ती कृती झाली. 'कॉलम बदलल्यामुळे रिटेन्शन टाइम ७.२ वरून ६.९ वर आला, पीक विंडोच्या बाहेर गेला म्हणून विंडो बदलली' हे कारण. टीमला असली चांगली कारणं लिहायला लावा, सहा महिन्यांनी त्यांचीच मान वाचते, कारण तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं.

उलटं टोकही नको. ट्रेलमध्ये बदल दिसला म्हणजे लबाडी झाली असं नाही. इम्प्युरिटीच्या टेस्टमध्ये ०.०५ टक्क्याच्या आसपासचा बारीक पीक, शेजारी टेलिंग, तिथे ऑटोमॅटिक इंटिग्रेशन चुकतं आणि हाताने करावंच लागतं. बघायचं ते एवढंच की एसओपीत (लिहून ठेवलेल्या कार्यपद्धतीत) परवानगी आहे का, आधीचं क्रोमॅटोग्राम आणि नंतरचं दोन्ही ठेवलीत का, दुसऱ्या कुणी ते मंजूर केलंय का, आणि स्टँडर्डला जी रीत लावली तीच सॅम्पलला लावली का. ॲनालिस्टना बदलाची भीती वाटायला लागली की ते सॉफ्टवेअरच्या बाहेर उद्योग करतात आणि मग ट्रेलमध्ये सगळं स्वच्छ दिसतं, जे जास्त वाईट.

एकट्या ओळीपेक्षा पॅटर्न बोलतो. एकाच माणसाचे बदल नेहमी लिमिटच्या काठावरच्या रिझल्टवर, बदलाची दिशा नेहमी पासकडे, फेल झालेला रिझल्ट कधी पासच्या बाजूला गेलाय पण पास झालेला कधीच उलट गेला नाही, आणि रिप्रोसेसिंग नेहमी रात्री उशिरा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एबल लॅबोरेटरीज ह्या जेनेरिक कंपनीचं २००५ मध्ये असंच उघडं पडलं, कॉम्प्युटरमधला डेटा आणि रिपोर्ट केलेले रिझल्ट जुळेनात, कंपनीला सगळी औषधं बाजारातून परत बोलवावी लागली आणि कंपनी बुडाली. डेटा सिस्टीममध्ये पडून होता, कुणी आधी उलटं चालत गेलं नव्हतं.

लिम्स आणि एक्सेलवाल्यांसाठी थोडं

लिम्समध्ये एक गोष्ट खास बघायची, ऑथराइज झाल्यावर बदललेले रिझल्ट आणि स्पेसिफिकेशनच्या लिमिटमध्ये झालेले बदल. रिझल्ट तोच, लिमिटच सरकवली, असं झालं तर रिझल्टच्या ट्रेलमध्ये काहीच दिसत नाही कारण बदल मास्टर डेटात झालाय आणि त्याचा ट्रेल वेगळ्या ठिकाणी. सॅम्पलच्या स्टेटसची हिस्टरीही वाचा, रिसीव्ह्ड, टेस्टेड, ऑथराइज्ड, मग परत मागे रिओपन, तर का.

पाणी, माती, अन्न तपासणाऱ्या एनएबीएलची मान्यता घेतलेल्या लॅबना पार्ट ११ लागू नाही म्हणून सुटका नाही. लॅबसाठीच्या आयएसओ १७०२५ ह्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत ७.५.२ मध्ये सरळ म्हटलंय की तांत्रिक रेकॉर्डमधला बदल मागच्या व्हर्जनपर्यंत शोधता आला पाहिजे, मूळ आणि बदललेला दोन्ही डेटा ठेवायचा, बदलाची तारीख, काय बदललं आणि जबाबदार कोण ह्यासकट. साध्या एक्सेल फाइलमध्ये हे होत नाही. गूगल शीट्समध्ये सेलवर राइट क्लिक करून त्या सेलची एडिट हिस्टरी बघता येते, कोणी कधी काय केलं ते कळतं, पण रो उडवणं, फॉरमॅटिंग असले काही बदल त्यात येत नाहीत आणि कारण लिहायची सोयच नाही. तात्पुरतं चालवायला ठीक, कायमचं नाही.

काय लिहून ठेवायचं, काही सापडलं तर काय

दोनशे पानांची प्रिंट बॅचच्या फाइलला जोडू नका, ती कुणी वाचत नाही. रिव्ह्यूच्या फॉर्मवर कोणता ट्रेल, कोणता फिल्टर, कधीपासून कधीपर्यंत, किती बदल सापडले, प्रत्येकाबद्दल एक ओळ आणि सही. रिझल्ट, सॅम्पलची ओळख, रनचा सीक्वेन्स असल्या गोष्टींचा ट्रेल हा त्या डेटासोबतच, बॅच सोडायच्या आधी बघायचा. सिस्टीमचा ट्रेल रोज बघायची गरज नसते, महिन्याला की तिमाहीला ते तुमच्या रिस्कप्रमाणे ठरवा आणि का ठरवलं ते लिहा.

काही खटकलं तर त्या ॲनालिस्टला बोलावून 'हे नीट करून टाक' असं अजिबात म्हणायचं नाही, नवीन रिझल्टही बनवायचा नाही, सिस्टीमला हात न लावता रिझल्ट आयडी आणि वेळ टिपून क्यूएला कळवायचं, बॅच तोवर होल्ड. चौकशी त्यांनी करायची. आणि ती करताना त्याच माणसाचं, त्याच मशीनचं, त्याच प्रॉडक्टचं मागचंही बघावं लागतं, एक बॅच तपासून फाइल बंद केली तर पुढच्या इन्स्पेक्शनला फोर एट थ्रीमध्ये (एफडीएच्या निरीक्षणांच्या फॉर्ममध्ये) तेच वाक्य यायचं.

इन्स्पेक्शनला बसणारा माणूस आधी ठरवा आणि त्याच्याकडून सराव करून घ्या. इन्स्पेक्टर म्हणतो 'ह्या बॅचची सगळी इंजेक्शनं दाखवा, फक्त रिपोर्ट केलेली नाही, सगळी', तेव्हा एका मिनिटात स्क्रीनवर यावं, तिथे मेन्यू शोधत बसलं की समोरच्याला वाटतं ह्यांनी हे कधी उघडलंच नाही, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. बघायचे तेवढेच राइट्स असलेलं एक लॉगिन त्या माणसाच्या नावावर तयार ठेवा.

शेवटचं, आर्काइव्ह. दोन-तीन वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट बॅकअपमधून परत आणून त्याचा ट्रेल उघडतो का हे वर्षातून एकदा करून बघा, सॉफ्टवेअरचं व्हर्जन बदललं असेल तर नक्कीच. क्रोमॅटोग्राम उघडतात, रिझल्ट दिसतात, पण ट्रेलचा टॅब रिकामा, असं निघालं तर बॅकअप चुकीच्या पद्धतीने घेतला जातोय, आणि जुन्या सर्व्हरवर डेटा अजून आहे तोवर आयटीवाल्यांकडून तो परत नीट घेऊन टाका.